येळवशीची पाच चित्रं

संगणकाला पाणी कोणतं आणि जमीन कोणती हे आपोआप कळत नाही. ते त्याला शिकवावं लागतं. उपग्रहानं वरून काढलेलं चित्र म्हणजे लाखो बारीक चौकोन असतात. आमच्या चित्रांत एकेक चौकोन जमिनीवरच्या दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकड्याएवढा होता. प्रत्येक चौकोनाला आकडे असतात: किती हिरवा उजेड परत आला, किती लाल, आणि माणसाच्या डोळ्याला न दिसणारा उजेड किती. तो न दिसणारा उजेड पाणी गिळून टाकतं, म्हणून त्या चित्रात पाणी काळं येतं. मग आपण एक रेघ ठरवायची. रेघेखालचा आकडा म्हणजे पाणी, वरचा म्हणजे जमीन. सॉफ्टवेअर ती रेघ सगळ्या चित्रावरून फिरवतं आणि क्षणात सांगतं की इतके चौकोन पाणी, इतके जमीन. ओल्या चिखलाचा आकडा मात्र नेमका रेघेवर येतो. त्याला इकडं टाकायचं की तिकडं, हे शेवटी खुर्चीवर बसलेल्या माणसानंच ठरवायचं असतं.

कलबुर्गीला एम.एस्सी. करत होते तेव्हा त्या खुर्चीवर मी बसायचे. प्रबंधाचा विषय होता नदीच्या त्रिभुज प्रदेशातले बदल. वर्गातल्या बाकीच्यांनी समुद्राकाठच्या मोठ्या नद्या घेतल्या. मी म्हटलं, आमच्याकडं समुद्र नाही पण धरण आहे. वाहती नदी धरणाच्या उभ्या पाण्यात शिरते तिथं तिचा जोर संपतो, आणि आणलेली माती ती तिथंच टाकते. वर्षानुवर्षं टाकलेली ती माती सुपासारखी पसरते. समुद्राला मिळताना नदीच्या तोंडाशी होतं तेच, फक्त लहान. भालकी तालुक्यातल्या माझ्या आजोळी असं एक सूप मी लहानपणापासून पाहत आले होते. त्याला शास्त्रात नाव आहे हे कळलं तेव्हा मला आमच्या गावाला पुरस्कार मिळाल्यासारखं वाटलं होतं.

त्या सुपावर गाव पेरतं. कागदावर ती जमीन सरकारची, पण पाणी उतरलं की मऊ काळा गाळ उघडा पडतो आणि नदीकाठची सात घरं तो वाटून घेतात. ह्या पेरणीला गाळपेर म्हणतात. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांचीच ही सात घरं. वाटप वर्षातून दोनदा होतं, दोरीनं मोजून. दिवाळीच्या सुमाराला वरच्या पट्ट्यात हरभरा पडतो. मग माघात, पाणी आणखी खाली गेल्यावर, खालच्या पट्ट्यात कलिंगडाचे आणि वाळकांचे खड्डे. दोरी धरायचा मान माझ्या मामाचा. त्याचं घर सातांतलं एक.

दुसरं एक घर अक्काचं. सगळं गाव तिला अक्का म्हणतं, तिच्याहून मोठी माणसंसुद्धा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी औरादकडं दिलेली. नदीच्या तोंडाशी पश्चिमेला तिचा पट्टा, आणि तो पट्टा येतो बरोबर तिच्या बुडालेल्या शेतावर. म्हणजे दर वर्षी पाणी तिचं शेत तिला चार-पाच महिन्यांसाठी परत देतं. दुसरी जमीन तिला नाही.

माझ्या घरी शेती नव्हती, पत्रकं होती. अप्पा, माझे वडील, मराठी शाळेत मास्तर होते आणि शाळा सुटल्यावर पत्रकं लिहायचे. गावात शिक्षक नाही, पत्रक. बसस्टँडवर बायकांना संडास नाही, पत्रक. गुलाबी आणि पिवळ्या पातळ कागदांचे गठ्ठे आमच्या फळीवर डाळींच्या डब्यांशेजारी असायचे. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या मथळ्यांवरून. ‘जागे व्हा’ आणि ‘जाब द्या’ मला ‘कमळ’ आणि ‘बदक’च्या आधी वाचता यायचं. अप्पांचा एक नियम होता. पत्रकात एकच मागणी हवी आणि एकच दोषी हवा. दोन दोषी झाले की वाचणाऱ्याचा राग फुटून वाया जातो, असं ते म्हणायचे. मला तो नियम फार आवडायचा. आजही अर्धा आवडतो.

प्रबंधासाठी मला वेगवेगळ्या वर्षांची चित्रं हवी होती, पण दर वर्षी एकाच दिवसाची, म्हणजे तुलना सरळ होईल. दिवस कोणता घ्यायचा? मी येळवस घेतली. आमच्या भागात मार्गशीर्षातल्या अमावस्येला सगळं गाव शेतात कडब्याची खोप करून पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि अंबील जेवतं, आणि त्या दिवशी आम्ही दर वर्षी मामाकडं असायचो. आभाळ स्वच्छ असतं, उपग्रहाच्या आड ढग येत नाहीत. शिवाय त्या दिवशी पाणी कुठवर होतं, कोणाच्या पट्ट्यात काय होतं, हे मला डोळ्यांनी पाहिलेलं आठवत होतं. वरचं चित्र आणि खालची आठवण एकमेकांना ताडून बघता येणार होती. मार्गदर्शक मॅडमना मी म्हटलं, दर वर्षी एकाच सणाच्या आसपासची चित्रं घेते. त्या घाईत होत्या, हं म्हणाल्या. पाच वर्षांच्या येळवशींची पाच चित्रं मी उतरवून घेतली आणि हुशारीचं काम केल्याच्या आनंदात बसले.

पहिलं आणि पाचवं चित्र एकावर एक ठेवलं तेव्हा मी खुर्चीतून उठले. पश्चिमेचा गाळ कितीतरी पुढं सरकला होता. पूर्वेला, जिथं मामाची आणि बाकीच्यांची घरं पेरतात, काठ होता तिथंच होता. सॉफ्टवेअरनं नवी जमीन लाल रंगात दाखवली होती, आणि तो लाल तुकडा अख्खा अक्काच्या पट्ट्यापुढं होता. मला लगेच बाभळी आठवल्या. अक्का पाण्याच्या कडेला बाभळीच्या फांद्या रोवायची, ओळीनं, हे मी प्रत्येक येळवशीला बघितलं होतं. फांद्यांत गाळ अडकतो हे पुस्तकात होतं. गाळ अडकला की नदीचं तोंड दुसरीकडं वळतं, हेही पुस्तकात होतं.

मधली तीन चित्रं होती. दुसऱ्यात पश्चिमेची जमीन वाढलेली होती, पण तिसऱ्यात थोडी आणि चौथ्यात बरीच घटलेली होती. घटण्याला मी एक वाक्य लिहिलं: पाऊस जास्त झाला असावा. पाऊस किती झाला ते मी तपासलं नाही.

प्रबंध सादर व्हायला वेळ होता. पत्रकाला नव्हता, कारण माघाचं वाटप तोंडावर आलं होतं. मी लिहिलं: ‘नदीचं तोंड कुणी वळवलं?’ खाली दोन चित्रं शेजारी शेजारी, पहिलं आणि पाचवं. मधली तीन कागदावर मावली नाहीत. खरं म्हणजे मी ती मावतात का बघितलंच नाही. मजकुरात होतं की एका घरानं फांद्या रोवून सहा घरांच्या वाट्याची माती आपल्याकडं ओढली आहे, नदी सगळ्यांची आहे, आणि वाटपात ह्याचा न्याय व्हावा. नाव दिलं नाही. नाव न देणं हा सभ्यपणा आहे असं मी समजत होते. गाळ पेरणारी घरं सात, त्यांतलं पश्चिमेला पेरणारं एक. नावाची गरजच नव्हती.

अप्पांनी प्रूफ वाचलं. दोन ठिकाणी वाक्य लहान केलं आणि म्हणाले, “चित्रामुळं वजन आलंय.” पिवळ्या कागदावर छापून मी ते बसनं गावात नेलं, मारुतीच्या पारावर वाटलं आणि संध्याकाळच्या बसनं परत आले. अक्काच्या घरी द्यायला गेले नाही. तिच्या दारावरून जाताना पाय थोडे भरभर पडले, एवढं आठवतं.

वाटप झालं त्या दिवशी मामाचा फोन आला. आवाजात खुशी होती.

“तुज्या फोटूनं काम केलं बग पोरी. कुणाला बोलायला तोंडच न्हाई ऱ्हायलं.”

“काय झालं?”

“अक्काचा पट्टा सा जणांत वाटला. म्हणली, म्या काय वळवलं न्हाई. म्हणलाव, अक्का, माणूस खोटं बोलंल, कागद खोटा बोलंल, वरनं काडलेला फोटू कसा खोटा बोलंल?”

“मग तिला किती दिलं?”

“तिला? ती एवडी वर्सं खाल्ली न्हाई का? ह्या हंगामाला न्हाई. पुडं बगू.”

मी पट्ट्यातला जास्तीचा भाग वाटला जाईल असं धरून चालले होते. अख्खा पट्टा जाईल असं पत्रकात कुठं लिहिलं नव्हतं. पण तसं होऊ नये असंही लिहिलं नव्हतं. फोन ठेवल्यावर मला अस्वस्थ वाटलं, आणि अभिमानही वाटला. दोन्ही एकदम वाटू शकतं हे मी इथं नोंदवून ठेवते, कारण नंतर सांगताना अभिमान वगळायचा मोह होतो.

चार-पाच दिवसांनी मॅडमना प्रबंधाचं प्रकरण दाखवलं. त्या मूळच्या कलबुर्गीच्या, घरात कन्नड, आमच्याशी बोलताना मराठी आणि कन्नड एकत्र. पाच चित्रं त्यांनी पडद्यावर ओळीनं लावली आणि प्रत्येकाखालची तारीख मोठ्यानं वाचायला लागल्या. मग थांबल्या.

“नोडम्मा, इकडे बघ, तू एकच दिवस घेतली म्हणाली होतीस.”

“एकच आहे मॅडम. सगळी येळवशीची आहेत.”

“अल्ल मा, नाही, तारखा बघ. हे डिसेंबरचं. हे जानेवारी निम्मा होत आला तेव्हाचं. उपग्रहाला तुझी येळवस कळते काय?”

मी तारखा बघितल्या. त्या मी शंभरदा बघितल्या होत्या. अमावस्या मागंपुढं होते, मध्ये अधिक महिना येतो, येळवस कधी डिसेंबर संपायच्या आत तर कधी जानेवारीचे दहा दिवस उलटल्यावर. हे काय मला माहीत नव्हतं? दर वर्षी कॅलेंडरात शोधूनच तर आम्ही बस पकडत होतो. पण आमच्या घरात तो दिवस एकच असतो. तो सरकतो असं कधी वाटतच नाही, सरकतो तो इंग्रजी महिना. माझ्या डोक्यात येळवस जागेवर होती आणि डिसेंबर-जानेवारी तिच्याभोवती फिरत होते.

“आणि कालव्याला पाणी कधी सोडतात?” मॅडमनी विचारलं.

रब्बीसाठी, त्याच दिवसांत. म्हणजे त्या दोन-तीन आठवड्यांत धरण उतरत असतं.

“मग पाण्याची उंची?”

पाण्याची उंची मी घेतलीच नव्हती. धरणावर ती रोज लिहिली जाते. मॅडमनी ती नोंद मिळवायला सांगितली, आणि मी मिळवली. पहिल्या चित्राच्या दिवशी पाणी वर होतं, पाचव्याच्या दिवशी हातभर खाली. पूर्वेला काठ उभा आहे, तिथं हातभर पाणी उतरलं तरी जमीन दोन पावलं उघडी पडते. पश्चिमेचं सूप सपाट आहे. तिथं हातभर पाणी उतरलं की शंभर पावलं चिखल दिसायला लागतो. चौथी येळवस लवकर आली होती, म्हणून त्या चित्रात जमीन ‘घटली’ होती. पावसाचा काही संबंध नव्हता. लाल तुकडा म्हणजे नवी जमीन नव्हतीच. ती होती तिथंच होती, पाण्याखाली.

मग मी दिवस सोडून दिला आणि उंची धरली. प्रत्येक वर्षी पाणी बरोबर एकाच उंचीला असतानाचं चित्र शोधलं, कधी ते डिसेंबरचं निघालं, कधी जानेवारीचं. पुन्हा रेघ फिरवली. पाच वर्षांत सूप वाढलं होतं, पण थोडं, आणि दोन्ही बाजूंना. ती माती वरच्या गावांच्या उतारावरून, पावसानं धुतलेल्या शेतांतून येते. पत्रकाच्या नियमानं बघायचं तर दोषी शोधायला मला अर्धा जिल्हा गोळा करावा लागला असता. अक्काच्या बाभळींपाशी काही चौकोन जास्त होते. चार किंवा पाच, चिखल कुठं धरता त्यावर. मी ते पुसले नाहीत. तिला निर्दोष ठरवण्यासाठी आकडा गोल करणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

अप्पांना सांगितलं तेव्हा ते अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

“मधली चित्रं होती?”

“होती.”

“मी प्रूफ वाचलं. मधली कुठायत म्हणून इचारायला पायजे होतं.” मग म्हणाले, “पत्रक मागं घेता येत न्हाई. दुसरं काढावं लागतंय. आणि आधी तिच्याकडं जा.”

गेले तेव्हा अक्का दारात बसून सुतळीनं खराटा बांधत होती. मी उभीच राहिले. तिनं वर बघितलं आणि पुन्हा खाली.

“बस. उबी ऱ्हाऊन भाषण करायलीस व्हय?”

मी बसले आणि सांगितलं. पाण्याची उंची, सपाट उतार, येळवस. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, हात चालू होते. संपल्यावर म्हणाली, “हे मला ठावं न्हाई व्हय? पानी उतरलं की भुई दिसतीया. ह्याला कालिज लागतंय?”

“चुकलं माझं, अक्का.”

“मामाच्या खोपीत भज्जी खाल्लीस, माज्या घरची अंबील पेलीस, आणि माज्यावर लिवलीस. वरनं बगितलीस ते बगितलीस. खाली येऊन इचारली कामून न्हाईस? बाबळी कामून लावलीस अक्का, एवडं इचारायचं होतं.”

“कामून लावलीस?”

“म्हशी! तुज्या मामाच्या म्हशी पान्याला येत्यात आणि माजा हरबरा तुडवून जात्यात. धा वर्सं सांगायलाव त्याला.”

मला हसू आलं असतं, वेळ वेगळी असती तर. मामाच्या म्हशींचं मला माहीत होतं. मामाचं घर वाटपात फायद्यात आलं हेही माहीत होतं. मी ज्याच्या घरी जेवते त्याच्या बाजूनं माझं पत्रक पडलं, आणि पत्रकात ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

तिनं आतून तो पिवळा कागद आणला. घडी पडून मऊ झाला होता.

“मला मराटी वाचाया येत न्हाई. आमची साळा कन्नडची. ह्यातलं माजं वाईट मला शेजारच्या सुनेकडनं वाचून घ्यावं लागलं. ती वाचायली आणि मधी मधी थांबायली.” तिनं कागद माझ्यापुढं ठेवला. “आता दुसरं काडनार म्हणलीस न्हवं? दोन्ही भाषंत काड. आणि नाव लिव.”

“कुणाचं?”

“माजं. ह्यात न्हाई लिवलीस, तरी गावाला कळलं. त्यात न्हाई लिवलीस तर कुनालाच कळायचं न्हाई.”

एवढी वर्षं पत्रकांत वाढले, पण हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आरोप नावाशिवायही बरोबर पत्त्यावर पोचतो. दुरुस्ती पोचत नाही.

दुसरं पत्रक त्याच पिवळ्या कागदावर काढलं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड मॅडमनी तपासून दिलं. पाचही चित्रं घातली, लहान करून, प्रत्येकाखाली पाण्याची उंची. मथळा असा नव्हताच, वर फक्त अक्काचं पूर्ण नाव होतं, मोठ्या अक्षरांत, आणि खाली: ‘यांच्याबद्दल मी लिहिलं ते चूक होतं.’ चार-पाच चौकोनांचंही लिहिलं. मामाचं घर त्या सहांतलं आहे आणि मामा माझा आहे, हेही लिहिलं. अक्काचं ते पूर्ण नाव मी इथं लिहीत नाही. तिनं ते गावापुरतं मागितलं होतं.

पारावर माणसं जमली. मी मराठी वाचलं, कन्नड शेजारच्या सुनेनं वाचलं, ह्या वेळी न थांबता. मग सगळे मामाकडं बघायला लागले. मामा माझ्याकडं बघत होता, आणि ती नजर चांगली नव्हती.

“तू कवा एक म्हणायलीस, कवा एक. सा घरांनी खड्डे मारले, बी टोकलं. उगवून आलंय. आता काय उपटून देऊ?”

“द्यावं लागतंय, मामा. पट्टा तिचा हाय.”

“तू देनार व्हय नुकसानी? कालिजात मिळतीया का?”

कुणीतरी हसलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्काच बोलली, पाराच्या खालून.

“उपटू नगा. उगवलेलं कोन उपटतंय? माजा पट्टा माजा हाय एवडं सगळ्यांम्होरं म्हणा. आवंदा खालचा चिखल द्या. पानी हटलंय तिथवर, माज्या रुंदीचा.”

“तिथं पाय घोट्याएवडा रुततोय. उशीर झालाय. काय येनार हाय तिथं?”

“वाळकं येतील. न्हाई आली तर न्हाई. दोरी आणा.”

मामा दोरी आणायला गेला. येताना म्हशींबद्दल काहीतरी पुटपुटला, कुणी लक्ष दिलं नाही. चिखलात दोरी धरताना त्याचा एक जोडा रुतून बसला तेव्हा मात्र सगळे मनमोकळं हसले, अक्कासुद्धा.

दोन दिवस मी तिच्याबरोबर खड्डे मारले. वरून तो पट्टा म्हणजे दोन-तीन चौकोनांची रुंदी. खाली, घोट्याएवढ्या गाळात, एका खड्ड्यापासून दुसऱ्या खड्ड्यापर्यंत पाय काढत जायचं म्हणजे कमर मोडते. वरच्या अंगाचा चिखल वाळून भेगाळत होता, खालचा अजून लिबलिबीत होता, आणि चिखल कुठं संपतो आणि पाणी कुठं सुरू होतं हे तिथं उभं राहूनही मला नक्की सांगता येईना. अक्काला येत होतं. ती टाच दाबून बघायची. टाचेच्या खड्ड्यात पाणी आलं की मागं सरकायची आणि तिथून बी सुरू करायची. मी विचारलं, हे प्रबंधात लिहू का? ती म्हणाली, “लिव की. फकस्त माजी टाच नगं छापू.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विचारलं, “अक्का, माफ केलीस का?”

“माफ बीफ काय न्हाई. घागर भर.”

धरण त्या साली लवकर उतरलं. पाणी दूर गेलं, गाळ तापला, आणि तिला घागरीनं वाळकं जगवावी लागली. मी तेव्हा कलबुर्गीत होते, प्रबंध टंकत. दर वर्षीपेक्षा निम्मीच निघाली, असं तिनं फोनवर सांगितलं. निम्मी म्हणजे किती ते सांगितलं नाही, आणि मला विचारण्याचा हक्क नव्हता. माझा प्रबंध मंजूर झाला. त्यात चुकीच्या पाच चित्रांचं एक प्रकरण ठेवलं आहे, मॅडम नको म्हणत होत्या तरी. परीक्षकांनी त्याच प्रकरणावर जास्त प्रश्न विचारले.

पुढच्या दिवाळीच्या वाटपाला मी मुद्दाम गेले. मामानं दोरी पश्चिमेकडून सुरू केली आणि अक्काचा पट्टा होता तेवढा, होता तिथं मोजला. बाभळी तशाच होत्या, यंदा जास्त दाट. सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात सहांतला एक जण, माझ्या लहानपणापासून माझ्याशी चांगला वागणारा, दोरीकडं बघत म्हणाला, “असू दे. पन फोटूत तर दिसत होतं की.”

अक्कानं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिनं पदर खोचला आणि आपल्या खुणेचा दगड रोवायला वाकली. उत्तर देणं तिचं काम नव्हतं.

मी त्याच्याजवळ गेले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. येळवस कशी मागंपुढं होते. कालव्याला पाणी कधी सोडतात. हा काठ उभा आहे, तो सपाट. तो मान हलवत होता, नजर दोरीवर होती. मी काठावर उकिडवी बसले, बोटानं गाळात दोन उतार काढले आणि पुन्हा सांगितलं.